गिझर २००० वॉटचा, मग क्लॅम्प मीटरवर ८च ॲम्पियर का?

माटोळी (डिचोली)

मंडळी, शीर्षकातच प्रश्न आहे. लेक दहावीत. शाळेतून सांगितलंय की घरातलं एक उपकरण निवडा आणि त्याच्यावर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवरच्या आकड्यांवरून करंट नि रेझिस्टन्स काढा. तिने गिझर घेतला. १५ लिटरचा, पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॉट. तिचं गणित असं:

२००० ÷ २३० = ८.७ ॲम्पियर
२३० ÷ ८.७ = २६.४ ओहम

इथवर ठीक. त्याच दिवशी शेजारी वायरमन आलेला, त्याच्याकडे क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र. लेकीने हट्ट धरला म्हणून त्याने लावून दाखवला, तर ८.० ॲम्पियर. आता ती म्हणते २३० भागिले ८ म्हणजे २८.७५ ओहम, गिझरचा रेझिस्टन्स वाढला, कॉईल जुनी झाली. वायरमन म्हणतो, मीटर थोडं इकडेतिकडे दाखवतंच. मला दोघांचंही पटलेलं नाही. घर जुनं आहे, न्हाणीघर मागाहून बांधलेलं. पाणी तापायला वेळ लागतो ही सासूबाईंची तक्रार आहेच.

नुस्तें

न्हाणीतली चूल पेटवा, तांब्याचा हंडा चढवा. ना ओहम ना वॉट, सासूबाई खूश.

विंगेत (फोंडा)

८.० आणि ८.७ मधला फरक मीटरच्या माथी मारू नका. बरा क्लॅम्प मीटर इतका चुकत नाही. मला आधी सांगा, ते २३० कुठून आणलेत? मोजलेत?

माटोळी

नाही, पट्टीवरचेच.

जुना मास्तर (म्हापसा)

मग सगळा घोळ तिथेच आहे. लेकीला एवढं एक वाक्य वहीत ठळक लिहून ठेवायला सांगा: ज्या वस्तूचा रेझिस्टन्स काढायचा, त्याच वस्तूच्या दोन टोकांमधले व्होल्ट, त्याच वस्तूतून जाणारे ॲम्पियर, आणि दोन्ही एकाच वेळी मोजलेले. व्होल्ट पट्टीवरचे नि ॲम्पियर मीटरवरचे, ही सोयरीक जमत नाही. पट्टीचे आकडे पट्टीच्या आकड्यांशी जुळतात, मोजलेले मोजलेल्यांशी.

पट्टी काय सांगते? मला २३० व्होल्ट दिलेत तर मी २००० वॉट ओढीन. २३० मिळतीलच, हे ती सांगत नाही. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट म्हणतात खरा, पण तो ठरावीक मर्यादेत खालीवर होतच असतो. त्यातून लेकीच्या पुस्तकातली बरीचशी गणितं २२० व्होल्टची असणार, तेव्हा २३० हा आकडा काही ब्रह्मवाक्य नव्हे.

कॉईल जुनी झाली का, हे मोजून पाहणं सोपं आहे. गिझरचा प्लग काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिनांना लावा. पाणी गार हवं, म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच) जोडलेला राहील. २६च्या आसपास आलं तर कॉईल ठणठणीत आहे.

हीच युक्ती जुन्या पिवळ्या बल्बवर मात्र फसते. १०० वॉटच्या बल्बचा रेझिस्टन्स पट्टीवरून काढला तर २३० गुणिले २३०, भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. गार बल्बला मीटर लावलं की ४०च्या आसपास दिसतात. बल्ब बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार पेटली की तापमान अडीच हजार अंशांवर जातं आणि रेझिस्टन्स बारा-तेरा पटींनी वाढतो. गिझरच्या कॉईलमध्ये नायक्रोम हा मिश्रधातू असतो, त्याचा रेझिस्टन्स तापल्यावर जेमतेम काही टक्के वाढतो. म्हणून लेकीने बल्ब न निवडता गिझर निवडला हे फार बरं झालं.

जाता जाता, ज्याच्या नावाचा हा नियम तो ओहम स्वतः शाळामास्तर होता, जर्मनीत कोलोनला शिकवायचा. त्या काळच्या बॅटरीचा व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचा आणि त्याचे आकडे जुळेनात. मग त्याने बॅटरी सोडली आणि तांबं-बिस्मथच्या जोडाचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवून न घसरणारा व्होल्टेज मिळवला, तेव्हा कुठे व्होल्ट भागिले ॲम्पियर कायम तेवढेच येतात हा नियम दिसला. १८२७ साली पुस्तक काढलं. व्होल्ट स्थिर आहेत असं गृहीत धरू नये, ही अक्कल मूळ पुरुषापासूनची आहे.

विंगेत

मास्तरांना दुजोरा. ताई, वायरमनला परत बोलवा आणि चार आकडे घ्या. एक, गिझर बंद असताना प्लगवर व्होल्ट. दोन, गिझर चालू असताना प्लगवर. तीन, गिझर चालू असतानाच मीटरच्या पेटीपाशी. चार, तेव्हाचा करंट. चालू लाईनवरचं काम आहे, पावसाचे दिवस आहेत. लेकीने लांबून आकडे लिहून घ्यायचे, हात लावायचा नाही.

तांबडी माती

न्हाणीघर म्हटलं म्हणून विचारते, आरसीसीबी, म्हणजे करंट अंगातून जमिनीत गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, आहे ना घरात? ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरा. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलीॲम्पियर. आरसीसीबी ३० मिलीॲम्पियरलाच लाईन तोडते. तुमचं ओहमचं गणित चालू दे, पण आधी हे बघा.

माटोळी

आरसीसीबी आहे, बटण दाबून पाहिलं, पडते. आणि हे आकडे, लेकीच्या अक्षरातून उतरवलेले:

गिझर बंद, प्लगवर: २२६ व्होल्ट
गिझर चालू, प्लगवर: २११
गिझर चालू, मीटरच्या पेटीपाशी: २२२
करंट: ८.०
प्लग काढून, पिनांवर: २६.३ ओहम

जुना मास्तर

बघा कसं चपखल बसलं. २११ भागिले ८ म्हणजे २६.४. रेझिस्टन्स जागच्या जागी आहे, लेकीचं पट्टीवरचं गणित बरोबर, आणि वायरमनचं मीटरही बरोबर. पॉवर २११ गुणिले ८, म्हणजे १६८८ वॉट. दोन हजाराच्या गिझरला घरात सोळाशे अठ्ठ्याऐंशीच मिळतात.

इथे एक गोष्ट लेकीला जरूर दाखवा. २३०चे २११ झाले म्हणजे व्होल्ट ८ टक्क्यांनी घटले, पण वॉट घटले जवळजवळ १६ टक्क्यांनी. व्होल्ट कमी झाले की ॲम्पियरही त्याच प्रमाणात कमी होतात, आणि वॉट म्हणजे दोघांचा गुणाकार. मार दोन्हीकडून बसतो.

सासूबाईंच्या तक्रारीचाही हिशेब करू. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण १८ लाख ८४ हजार ज्यूल लागतात. पूर्ण २००० वॉट मिळाले तर पावणेसोळा मिनिटं, १६८८ मिळाले तर साडेअठरा. म्हणजे तीनेक मिनिटांची तक्रार खरी आहे. त्याहून जास्त लागत असेल तर थर्मोस्टॅट बघा.

कुळागरवाला (सावईवेरे)

आमच्या विहिरीच्या पाण्याने कॉईलवर पांढरा थर बसतो. त्यानेही वॉट कमी होत असतील ना?

जुना मास्तर

नाही. थराचा कॉईलच्या ओहमशी संबंध नाही, त्यामुळे वीज तेवढीच ओढली जाते. फक्त उष्णता पाण्यात जायला अडते, कॉईल आतल्या आत भाजून निघते आणि एक दिवस तुटते.

विंगेत

मास्तर पाण्याकडे वळले, मला ते ११ व्होल्ट खुपताहेत. पेटीपाशी २२२ आणि प्लगवर २११. मधले ११ घरातल्याच वायरिंगमध्ये गेले, बाहेरच्या लाईनचा त्यात दोष नाही. बाहेरचे गेले ते २२६ ते २२२, चारच. ताई, पेटीपासून न्हाणीघरापर्यंत वायर किती लांब, कुठली?

माटोळी

वीसेक मीटर. जुन्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेली ॲल्युमिनियमची, अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची. न्हाणीघर बांधलं तेव्हा पुढे तांब्याची जोडली, दीडची. असं वायरमन सांगतो.

विंगेत

हं. आता बघा. दीडची तांब्याची आणि अडीचची ॲल्युमिनियमची, दोन्हींचा रेझिस्टन्स सारखाच, किलोमीटरला सुमारे १२ ओहम. जायची वीस नि यायची वीस, ४० मीटर, म्हणजे ०.४८ ओहम. ८ ॲम्पियरला त्यात जायला हवेत ३.९ व्होल्ट. जाताहेत ११. उरलेले ७ व्होल्ट कुठल्यातरी सांध्यात जाताहेत.

७ गुणिले ८ म्हणजे ५६ वॉट. वायरीतले ३१ वॉट वीस मीटरभर पसरतात, त्यांचं काही वाटत नाही. हे ५६ मात्र नखाएवढ्या जागेत. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न दोन, पेटवून लाकडी पट्टीत खुपसून ठेवल्यासारखं आहे. माझी पैज, तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून वर टेप मारलाय. आज गिझर लावू नका.

नुस्तें

मी चूल म्हटलं तेव्हा हसलात.

माटोळी

विंगेत, तुम्हाला काय बोलू. न्हाणीच्या दारावरची लाकडी पेटी उघडली. फेजचा सांधा बरा होता. न्यूट्रलचा टेप वितळून काळा डिंक झालेला, खालच्या लाकडावर रुपयाएवढा काळा डाग. वायरमनने टेप खरवडला तर ॲल्युमिनियमवर पांढरी पूड, तांब्यावर हिरवा थर, आणि पिळलेले वेढे बोटाने सुटत होते. तोडण्याआधी त्याने सांध्याच्या दोन बाजूंना मीटर लावून पाहिलं, गिझर चालू असताना ५.६ व्होल्ट. बाकीचे एक-दीड व्होल्ट सॉकेटात जात असावेत, तोही करपलेलाच होता.

आता गिझरसाठी मीटरच्या पेटीपासून थेट चारची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच), नवा सॉकेट. पेटीपाशी २२२ असताना प्लगवर २२० आणि करंट ८.३.

लेकीने लगेच भागून पाहिलं, २६.५. आता तिचा पुढचा प्रश्न, ज्यात मी अडकले. गिझरची पॉवर काढताना व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे रेझिस्टन्स जास्त तर पॉवर कमी. सांध्यात मात्र रेझिस्टन्स जास्त म्हणून उष्णता जास्त. दोन्ही खरं कसं?

जुना मास्तर

हा प्रश्न विचारला म्हणजे पोरीला ओहम कळला. वर्गात चाळीसातली दोन मुलं विचारायची, बाकीची दोन्ही सूत्रं पाठ करून मोकळी.

पॉवरची सूत्रं तीन दिसतात, पण मूळ एकच, व्होल्ट गुणिले ॲम्पियर. त्यात ओहमचा नियम घातला की एकदा ॲम्पियरचा वर्ग गुणिले ओहम होतं, एकदा व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. तिन्हींची उत्तरं एकच येतात, व्होल्ट त्याच वस्तूचे असले तर. कुठलं सूत्र सोयीचं, हे पाहताना ओहम बदलल्यावर काय तसंच राहतं ते बघायचं.

प्लगला जोडलेल्या गिझरवर व्होल्ट तेच राहतात. समजा कॉईलचा रेझिस्टन्स दुप्पट केला. वरचे व्होल्ट तेच, म्हणून करंट निम्मा आणि पॉवर निम्मी. इथे व्होल्टच्या वर्गाचं सूत्र घ्या.

सांध्याचं उलट. करंट किती जायचा हे सांधा ठरवत नाही, गिझरचे २६ ओहम ठरवतात. सांधा अर्ध्या ओहमचा झाला काय, पाऊण ओहमचा झाला काय, करंट ८च्या आसपासच. मग ॲम्पियरचा वर्ग गुणिले ओहम. ६४ गुणिले ०.७ म्हणजे ४५ वॉट. तुमच्या वायरमनचे ५.६ गुणिले ८ करून बघा, तेच ४५.

लेकीने विचारावं, मग सांधा आणखी खराब होत गेला तर उष्णता वाढतच जाईल? नाही. सांध्याचा रेझिस्टन्स गिझरएवढा, २६ ओहम झाला की ती सर्वांत जास्त, त्यापुढे करंटच आटतो आणि उष्णता उतरते. कागदावर हा आलेख सुंदर येतो. घरात तिथवर पोचण्याआधी लाकूड पेटलेलं असेल.

उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे ज्यूलने १८४१ साली पाण्यात तार बुडवून दाखवलं.

तांबडी माती

बिलात किती वाचले पण?

विंगेत

काही नाही. वाया जाणारे ८८ वॉट, दिवसाला वीस मिनिटं. महिन्याला एक युनिटही भरत नाही. हे काम बिलासाठी नव्हतं.

कुळागरवाला

इतकं वाचून मीही पंप मोजला आणि डोकं फिरलं. १ हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक, सिंगल फेज. बंद करून वायंडिंगवर मीटर लावलं, ४ ओहम. २३०चा वर्ग भागिले ४ म्हणजे १३ हजार वॉट! क्लॅम्पवर मात्र ६.२ ॲम्पियर. गुणाकार १४२६. पट्टीवर १ एचपी म्हणजे ७४६. तीन आकडे, तिन्हींचं तोंड तीन दिशांना.

विंगेत

बाब, मोटरवर ओहमचा साधा नियम चालवू नका. ४ ओहम नुसत्या तारेचे. मोटर फिरायला लागली की तीच आतून उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंटला रोखते. सुरू होताना, अजून फिरत नसताना ती नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, तेव्हा घरातले दिवे मिचकतात ते त्यामुळे.

१४२६ हे वॉट नव्हेत, व्होल्ट-ॲम्पियर. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून नुसत्या गुणाकारातून खरे वॉट मिळत नाहीत. खरे वॉट हवेत तर घरचं मीटर आहेच. त्यावर लाल दिवा मिचकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, युनिटला अमुक इम्पल्स. बाकी सगळं बंद करा, एकटा पंप चालवा, मिनिटभर मिचकणं मोजा.

कुळागरवाला

३२०० इम्पल्स लिहिलंय. मिनिटात ६२.

विंगेत

तासाला ६२ गुणिले ६० म्हणजे ३७२०. भागिले ३२००, म्हणजे १.१६ युनिट, ११६० वॉट. भागिले १४२६ केलंत की पॉवर फॅक्टर ०.८१. आणि ७४६ हे मोटरने दांड्यावर द्यायचे वॉट, आत घ्यायचे नव्हेत. ११६० घेऊन ७४६ देते, बाकीची उष्णता. लहान मोटरला हे ठीकच म्हणायचं.

एक ध्यानात ठेवा. व्होल्टेज डाऊन झालं की गिझर मुकाट कमी काम करतो. मोटरला पाणी तेवढंच उपसायचं असतं, ती उलट जास्त ॲम्पियर ओढते आणि जळते. कुळागरात, पोफळीच्या बागेत, लांबवर पंप नेताना वायर जाड घ्या म्हणतात ते त्यासाठी.

चापोरा

मला बिगारीतलं गणित विचारायचंय. होडीवर १२ व्होल्टची बॅटरी, एलईडीच्या पट्ट्या लावल्यात. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, तोवर वायरिंग उरकायचंय. दोन गोष्टी. पुढच्या टोकाकडचे ६० वॉटचे फ्लड, म्हणजे मोठ्या झोताचे दिवे, मंद जळतात. आणि पट्ट्या दरवर्षी जळून जातात.

विंगेत

फ्लडचं सोपं आहे. ६० वॉट घरी ०.२६ ॲम्पियर, होडीवर ५ ॲम्पियर. वायर किती, कितीची?

चापोरा

दहा मीटर, दीडची.

विंगेत

जाऊन येऊन २० मीटर, ०.२४ ओहम, ५ ॲम्पियर, १.२ व्होल्ट गेले. २३०मधले १.२ गेले तर कोणाला कळतही नाही, बारातले गेले म्हणजे दहा टक्के. चारची वायर घ्या, अर्ध्या व्होल्टच्या आत येईल. खाऱ्या वाऱ्यात कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची मिळाली तर तीच.

जुना मास्तर

पट्ट्यांचं मी सांगतो. पट्टीवर दर तीन एलईडींमागे एक चिमुकला रेझिस्टर असतो, त्यावर १५१ छापलेलं असेल.

चापोरा

होय, १५१च आहे. १५१ ओहम?

जुना मास्तर

नाही, १५ वर एक शून्य, १५० ओहम. आता हिशेब. एलईडी ओहमचा नियम पाळत नाही. पांढरी एलईडी पेटली की तीनेक व्होल्ट धरून ठेवते, करंट कितीही बदलो, फारशी हलत नाही. तीन मिळून ९.३ धरू. १२ व्होल्ट दिले तर रेझिस्टरच्या वाट्याला २.७. भागिले १५०, १८ मिलीॲम्पियर. ठीक.

इंजिन चालू झालं की अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो, तेव्हा मीटर लावून बघ, १४.४च्या आसपास दिसतील. एलईडी ९.३वरच अडून बसणार. रेझिस्टरवर येतात ५.१. भागिले १५०, ३४ मिलीॲम्पियर. व्होल्ट वाढले वीस टक्के, करंट जवळपास दुप्पट. तुझ्या पट्ट्या पाण्याने नव्हे, याने जळतात.

चापोरा

मग मोठा रेझिस्टर घालू?

जुना मास्तर

प्रत्येक तिकडीचा बदलत बसशील तर बंदी संपेल. पट्टीच्या आधी १२ व्होल्टचा रेग्युलेटर टाक, तो पट्टीला १२च्या वर व्होल्ट जाऊ देत नाही. त्यावर पट्टीचे एकूण वॉट भागिले १२ करून जे ॲम्पियर येतील त्याच्या दीडपटीचा घे. नाहीतर सरळ १० ते ३० व्होल्ट लिहिलेले दिवे आण, त्यांच्या पोटात तो असतोच.

चापोरा

५ मीटरची पट्टी, मीटरला १४ वॉट. म्हणजे ७० भागिले १२, सहा ॲम्पियर. दहाचा घेतो. देव बरें करूं, सर.

माटोळी

मास्तर, चवथीला माटोळीवर, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळापानांच्या चौकटीवर, हीच पट्टी लावायची आहे, घरच्या ॲडॅप्टरवर. तिथे चालेल ना?

जुना मास्तर

१२ व्होल्टचा ॲडॅप्टर असेल तर खुशाल. फक्त पाच मीटर संपल्यावर पुढची पट्टी त्याच टोकाला जोडू नका, ॲडॅप्टरपासून वेगळी वायर न्या. पट्टीतलं तांबं कागदासारखं पातळ असतं, शेवटचे दिवे पिवळट दिसतील.